आमच्याकडची मंडळी

मी सात वर्षं ज्या गटात आहे तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. गट शब्दकोड्यांचा आहे. रोज सकाळी गटप्रमुख फोनवर एक कोडं टाकतात आणि दुपारपर्यंत आम्ही वीस-बावीस माणसं आडव्या-उभ्या शब्दांवरून एकमेकांची अक्कल काढत बसतो. गटप्रमुख बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नावं आली की आडनावं येतात, आडनावं आली की चौकशा येतात आणि कोडं राहतं बाजूला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ज्याला त्याला राहत्या भागावरून हाक मारायची असा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकला. ते स्वतः सहकारनगर. संगणकाच्या कंपनीतला एक तिशीचा मुलगा आहे, तो धायरी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्या मांजरी. त्यांच्या या नावावरून जितके विनोद करता येतील तितके करून झाले आहेत. त्या एक दिवस गप्प राहिल्या तर कोणीतरी विचारतंच, आज दूध मिळालं नाही का. मी बिबवेवाडी.

मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार जागेवर आणणं हा माझा धंदा, आणि तो घरी बसूनच होतो. काही दिवस असे जातात की दूधवाल्याला 'उद्या एकच पिशवी' एवढं सांगून झालं की माझं त्या दिवसाचं बोलणं संपतं. त्यामुळे हा गट मला किती लागतो ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई सकाळी साडेसहाला फोन घेऊन बसते आणि 'लवकर उत्तर द्या, इकडे भाजी करपते आहे' असं लिहिते, तेव्हा तिच्या गॅसवर भाजी नसते, हे कोणाला कळून तरी काय उपयोग आहे?

दिवाळीत कोड्याला सुट्टी असते. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत गटात बिघडलेल्या फराळाचं प्रदर्शन भरतं. नियम एकच, चांगल्या झालेल्या पदार्थाचा फोटो टाकायचा नाही. फुटलेल्या करंज्या, दगड झालेले लाडू, काळे शंकरपाळे यांचे फोटो येतात आणि बाकीच्यांनी त्यांना नावं ठेवायची असतात. धायरीच्या बायकोने केलेल्या लाडवावर सहकारनगरांनी 'हा खायचा की दाराला अडसर लावायचा' असं विचारलं होतं, ते वर्षभर गाजलं. कॅम्पातल्या एक बाई ईदला शेवयांचा लगदा झाल्याचा फोटो टाकून म्हणतात, आमची शाखा बारमाही चालू असते. एरवी एकमेकांचे शब्द कापणारी ही माणसं त्या पाच दिवसांत इतकी मोकळी होतात की मला ते पाच दिवस वर्षभर पुरवून वापरावे लागतात.

मी गटात आले त्या पहिल्या दिवाळीत लिहिलं, 'आमच्याकडे यंदा चकलीला काटा आलाच नाही.' आता मराठीत एकटं माणूससुद्धा 'आमच्याकडे' असंच म्हणतं. 'माझ्याकडे', 'माझं घर' असं म्हटलं की उगाच मालकी सांगितल्यासारखं वाटतं. आई होती तोवर घर आमचंच होतं. ती गेल्यावर घरातलं माणूस कमी झालं, तोंडातलं 'आमच्याकडे' तसंच राहिलं. सहकारनगरांनी लगेच विचारलं, मग मंडळी काय म्हणाली. मी लिहिलं, 'मंडळी निमूट खातात.' सगळे हसले. बारा-पंधरा हसरे चेहरे एकाखाली एक आले. मला फार बरं वाटलं, आणि तिथेच चुकलं.

कारण त्या दिवसापासून माझ्या घरात एक नवरा राहायला आला. निमूट खाणारा. पुढे माझी खालची दाढ काढली तेव्हा मी लिहिलं की आमच्याकडे ज्येष्ठांना सध्या कडक काही चालत नाही, आणि त्या वाक्यातून गटाने मला सासूबाई दिल्या. मला वांगं आवडत नाही. 'आमच्याकडे एकाला वांगं नुसतं दिसलेलं चालत नाही' असं मी एकदा म्हटलं, तर धायरीने लिहिलं की ते तुमचं धाकटं फारच शेफारलं आहे. मी एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. फक्त कोणी चुकीचं वाचलं तर दुरुस्त केलं नाही, आणि चुका दुरुस्त करणं हाच तर माझा धंदा आहे. ती तिन्ही माणसं मीच होते.

फराळाचंही तसंच. एकटीसाठी सोऱ्या कोण काढणार? आमच्या रस्त्याला एक चांगलं दुकान आहे, तिथून मी पाव किलो चकली आणते. त्यातल्या चार ताटलीत घेते, बोटांनी मोडते, वर थोडं तेल चोळते आणि फोटो काढते. धडधाकट चकली हाताने बिघडवताना दर वर्षी लाज वाटते. मग फोटो टाकल्यावर जो कल्ला होतो त्यात ती लाज विसरते.

गेल्या वर्षी श्रावणात मांजरींचे यजमान गेले. त्या यजमानांना आम्ही सगळे ओळखत होतो, म्हणजे जसे बाकीचे माझ्या मंडळींना ओळखत होते तसे. काहीही बिघडलेलं पुढे ठेवलं तरी ते 'छान' म्हणायचे, त्यावर मांजरी त्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. 'आमचे हे आज गेले' एवढंच त्यांनी गटात लिहिलं. जोडलेले हात आले, 'काळजी घ्या' आलं. दोन आठवड्यांनी त्या परत कोडी सोडवू लागल्या. उत्तरं पूर्वीसारखीच सगळ्यांच्या आधी द्यायच्या, पण टोमणा मारत नसत. कोणी मुद्दाम चुकीचा शब्द टाकून त्यांना डिवचलं तर त्या बरोबर शब्द लिहून गप्प बसायच्या.

दिवाळी आली तेव्हा सगळ्यांची पंचाईत झाली. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, मग त्यांच्या डोळ्यांदेखत हा पोरखेळ कसा करायचा? मांजरींनीच ती गाठ सोडवली. माझ्यासाठी प्रदर्शन बंद ठेवू नका, सुतकी चेहरे मला शाळेतही चालत नव्हते, असं त्यांनी लिहिलं. मग धनत्रयोदशीला मी माझ्या चार चकल्या मोडल्या. सहकारनगरांनी विचारलं की हा पदार्थ आहे की पुरावा. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. त्यातच मला मांजरींचा एकटीला पाठवलेला निरोप आला.

'मजा चालू द्या. मी वाचते आहे. यंदा माझ्याकडे काहीच नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही.'

दुसरं कोणी असतं तर वाचून पुढे गेलं असतं. मी 'माझ्याकडे' या शब्दाशी थांबले. सहा वर्षांत या बाईंनी एकदाही 'माझ्याकडे' लिहिलं नव्हतं. मराठीच्या शिक्षिका होत्या त्या, शब्द हातून निसटणारा नव्हता. त्यांनी तो बदलला होता. आई गेल्यावर जे माझ्याने झालं नव्हतं ते त्यांनी तीन महिन्यांत केलं होतं. मला एकदम त्यांच्याविषयी इतकं वाटलं की काय लिहावं ते कळेना. तेव्हाच सांगायला हवं होतं. मीही एकटी राहते, मला माहीत आहे ते कसं असतं. दोन वाक्यं. त्याऐवजी बोटांनी सवयीचं काम केलं. मी लिहिलं, 'आमच्याकडे या ना एकदा.'

पुण्यात 'या एकदा' म्हणजे काय ते पुण्यात वाढलेल्या माणसाला समजावावं लागत नाही. त्यात वार नसतो, वेळ नसते आणि पत्ता तर नसतोच. पण मांजरी लग्न होऊन पुण्यात आलेल्या. त्यांचं लहानपण मराठवाड्यातल्या एका गावात गेलं होतं, आणि तिथे 'या' म्हणजे 'या'. त्यांचं उत्तर लगेच आलं. पाडव्याला येऊ का, त्या दिवशी घरात बसवणार नाही. मुलगी नागपूरहून दिवाळीनंतर येणार आहे. आणि खाली आणखी एक ओळ, 'तुमची मंडळी असतील ना सगळी? घरातली गडबड कानावर पडली तरी बरं वाटेल मला.'

मी 'या' म्हटलं आणि पत्ता पाठवला. दुसरं काय म्हणणार होते?

मधले दोन दिवस मी काय काय मनात आणलं ते आज सांगायलाही संकोच वाटतो. सगळे अचानक कोल्हापूरला गेले, असं लिहून पाहिलं आणि पुसलं. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला त्या दिवशी जेवायला बोलवावं असंही वाटलं. पण त्यांच्याशी माझं जिन्यावर हसण्यापलीकडे काही नाही, आणि त्यांना मी काय सांगणार होते, पाहुणे येईपर्यंत माझे व्हा? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पणत्या लावल्या आणि गटावर गेले. तिथे धायरी आणि सहकारनगर यांची करंजीच्या कडांवरून जुंपली होती. मांजरींनी त्या दिवशी पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं. 'उद्या मी बिबवेवाडीला जाणार आहे. तिथली खरी चकली बघून अहवाल देईन.' टाळ्यांचा पाऊस पडला. त्यांना किती महिन्यांनी काहीतरी थट्टेचं सुचलं होतं. आता सांगितलं तर त्यांची ती एक ओळ मी हिरावून घेणार होते, आणि नाही सांगितलं तर उद्या दारातच सगळं उघडं पडणार होतं. मी फोन बंद करून टाकला.

पाडव्याला त्या अकराच्या सुमारास आल्या. हडपसरला बस बदलून, हातात मोठी कापडी पिशवी. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटक्या होत्या. फिकट निळी साडी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. दारात त्यांनी चप्पल काढली आणि माझ्या एकुलत्या जोडीशेजारी नीट लावून ठेवली. आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या. मग पिशवीतून एकेक डबा काढून टेबलावर मांडायला लागल्या. घरी काही केलं नाही, सगळं विकतचं आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. सासूबाईंसाठी मऊ नारळाच्या वड्या होत्या. यजमानांसाठी चिवडा, ते निमूट खातात म्हणून जरा तिखट, बघू काही बोलतात का. आणि शेफारलेल्या धाकट्यासाठी रंगीत पेन्सिलींची पेटी. तो किती वर्षांचा ते विचारायचं राहून गेलं होतं, लहान निघाला तर बरं, असं त्या म्हणाल्या.

मी उभीच होते. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. खोलीचं दार उघडं होतं आणि आत मुद्रितांचे गठ्ठे, एक पलंग आणि खिडकी एवढंच दिसत होतं.

"सगळे बाहेर गेलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाहीये. मी एकटीच राहते इथे. आई होती, ती गेली. तुम्ही लोकांनी जे धरलं ते मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली होती आणि बोलून झाल्यावर ते फारच थोडं वाटलं. शाळेत मुलाने गृहपाठ न केल्याचं कारण सांगितल्यावर शिक्षक बघतात तसं त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तोंडाला येईल ते सांगत सुटले. दाढेचं सांगितलं, वांग्याचं सांगितलं, चकल्या हाताने मोडते तेही सांगितलं. चकलीचं ऐकून त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण तेवढाच.

"रागावलात का?" मी विचारलं.

"राग नाही हो," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे माणसं बघायला आले होते. कोणीतरी कोणावर तरी ओरडेल, टीव्ही मोठा लावतील, मी आपली कोपऱ्यात बसेन, असं ठरवून आले होते. एकटी बाई घरी होतीच की माझ्या."

मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं याचं त्यांना वाईट वाटेल. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्या चार भिंती सोडून दोन बस करून आल्या होत्या आणि तशाच चार भिंतींत येऊन बसल्या होत्या. माझ्या मनात मात्र गेल्या दोन दिवसांच्या भीतीखाली एक वेडी आशा होती. वाटत होतं, खरं कळलं की त्या म्हणतील, अगंबाई, तुम्हीही का, आणि मग आम्ही दोघी बोलत बसू. पण एकटेपणाला एकटेपणा जोडला की सोबत होते, हे ज्याला हवं असतं त्यालाच वाटतं. त्यांना सोबत नको होती. त्यांना घर हवं होतं.

आम्ही जेवलो. मी पुरी-भाजी आणि श्रीखंड केलं होतं, सहा माणसांना पुरेल इतकं, कशासाठी कोण जाणे. जेवताना त्यांनी यजमानांचं थोडं सांगितलं. पाडव्याला ओवाळायला बसवलं की ते दर वर्षी पाटावर उलट्या दिशेला बसायचे आणि दर वर्षी त्यांना फिरवून बसवावं लागायचं. मुद्दाम करायचे की खरंच कळत नव्हतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आता विचारायचं राहिलं, असं म्हणून त्यांनी पुरी वाढायला सांगितली. दोननंतर त्या निघाल्या. डबे परत न्या म्हटलं तर म्हणाल्या, ठेवा, खाणारं कोणीतरी आहेच ना. पेन्सिलींची पेटीही ठेवून गेल्या. मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. बस येईपर्यंत आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. पुन्हा या, असं मी म्हटलं नाही. ते शब्द आता तोंडून निघण्यासारखे राहिले नव्हते.

संध्याकाळी सहाला गटात त्यांचा अहवाल आला.

'बिबवेवाडीला जाऊन आले. आदरातिथ्य उत्तम. तिकडची मंडळी फारच सज्जन आहेत. मी होते तोवर एक शब्द बोलली नाहीत.'

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सहकारनगरांनी लिहिलं, मांजरी परत आल्या. धायरीने विचारलं की धाकट्याने वांगं खाल्लं का. त्यावर मांजरींनी लिहिलं, 'समोर आणलंच नाही.' मी वाचलं आणि खरंच हसले, मग रडायला आलं. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. सगळ्यांसमोर माझं घर भरलेलं ठेवलं होतं, आणि त्यात मला एकटीला कळेल असा टोमणाही ठेवून दिला होता. त्यांच्या जागी मी असते तर इतकं नीट वाक्य मला जमलं नसतं. पण ते जितकं नीट होतं तितकंच ते मला त्या घरात कायमचं कोंडत होतं. आता एक नवरा, एक सासूबाई आणि एक शेफारलेलं पोर यांना पाहून आलेली साक्षीदार होती. पुढच्या दिवाळीला, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही मला त्यांना खायला घालावं लागणार होतं.

मला ते नको झालं. मी लिहिलं, 'आमच्याकडे मंडळी कोणी नाहीत. मी एकटी राहते. पहिल्यापासून.' एकदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. पाठवून दिलं.

आधी धायरीचे तीन हसरे चेहरे आले, डोळ्यांतून पाणी येणारे. मग कॅम्पातल्या बाईंचे. मग सगळ्यांचेच. कोणी विचारलं, सगळ्यांना माहेरी पाठवलंत का. सहकारनगरांनी लिहिलं, 'पाडव्याची ओवाळणी कमी पडलेली दिसते.' त्यावर पुन्हा हशा. धायरीने लिहिलं की यंदाचा सगळ्यात भारी विनोद बिबवेवाडीचा. मी त्यांना दोष कसा देऊ? सहा वर्षं मी त्यांना सरळ चेहऱ्याने तिरकं बोलायची सवय लावली होती. आता सरळ बोलायला गेले तर त्यांना तेही तिरकंच वाटणार. पुन्हा लिहावं, खरंच सांगते आहे म्हणावं, असं वाटलं. पण 'खरंच' लिहिलं असतं तर आणखी हसले असते.

माझ्या त्या ओळीवर कोण कोण हसलं ते फोन दाखवतो. मी यादी उघडली. सगळे भाग होते, एकेक वाचत शेवटपर्यंत गेले. मांजरी नव्हत्या. मी परत वरपासून पाहिलं. थोड्या वेळाने त्यांचा मला एकटीला निरोप आला.

'मी हसलेले नाही. कळावे.'

मी 'कळलं' एवढं लिहिलं. त्यांनी ते वाचल्याची खूण आली.